मामानं दिलेली भाच्याची परीक्षा

कोल्हापूर
ता. २७ मे १९७३

तीर्थरूप अप्पांच्या पायांवर धाकट्या ज्ञानूचं डोकं.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचं पत्र वाचून तुमचीही तब्येत ठणठणीत असल्याची खात्री पटली, कारण आजारी माणसाला एवढ्या शिव्या एका दमात लिहिता येत नाहीत. वहिनींची कंबर आता कशी आहे? भाताची धूळवाफेची पेरणी उरकली का? गाभण म्हैस व्याली का? या तिन्हींतलं तुम्ही काहीच कळवलेलं नाही. नुसतं विचारलंय की मालाचं बिद्रीकडच्या स्थळाशी ठरलं की मोडलं ते एका शब्दात कळव, आणि मुलाचे मामा हंबीरराव गावभर सांगत सुटलेत की मास्तरानं आम्हाला वेडं ठरवलं, त्याचा खुलासा कर. अप्पा, तुम्ही विश्वासानं लेक माझ्या घरी कॉलेजला ठेवलीत, तिला बघायला आलेल्या पावण्यांचा मी असा पाहुणचार केला, तेव्हा तुमचा राग मला मान्य आहे. पण एका शब्दात उत्तर देण्याच्या नादातच हे सगळं रामायण झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चूक माझी नाही, मानसशास्त्राची आहे.

आमचे हेडमास्तर दिवाळीनंतर घरी बसणार. संस्थेच्या चेअरमननी फर्मान काढलं की त्यांच्या जागी येणाऱ्याला मुलांचं मन कळलं पाहिजे. (चेअरमनना स्वतःला गुऱ्हाळातली काहील तेवढी कळते, पण ते असो.) मी वीसेक वर्षं मुलांचं मन त्यांचा कान धरून ओळखत आलो आणि ते कधी चुकलं नाही. पण कानाला सर्टिफिकेट नसतं. ते विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात मिळतं. म्हणून ज्या दिवसांत शहाणी माणसं आंबे उतरवतात आणि लग्नं उरकतात त्या दिवसांत आम्ही पन्नाशीला टेकलेले मास्तर माळावरच्या वर्गात टोपीनं वारा घेत शिकायला बसलो. पोरांना आम्ही बाकावर कसं बसवतो त्याची शिक्षा देवानं याच जन्मी दिली म्हणायची.

शिकवायला आठल्ये नावाचे प्राध्यापक आहेत. पुण्याचे. वय इतकं कोवळं, की आमच्या दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसवले तर इन्स्पेक्टरला कळणार नाही. त्यांच्या मते माणूस उगीच म्हणून काहीच करत नाही, प्रत्येक गोष्टीला आत दडलेलं कारण असतं. कुणी जांभई दिली तर ती झोपेची नव्हे, विरोधाची. मी रोज पंख्याखालची जागा धरतो, तर म्हणाले, लहानपणी तुम्हाला आईच्या पदराखाली जागा मिळाली नसेल. (पदर धरून तुम्हीच बसायचात हे खरं आहे अप्पा, पण मे महिन्यात पंखा कुणालाही लागतो.) मग उंदीर. पेटीत वाटा करून त्यात उंदीर सोडायचा आणि त्याला दाणा कसा सापडतो ते बघून माणसाची बुद्धी ओळखायची. आमच्या घरातले उंदीर कुठलाही वर्ग न करता थेट कणगीत पोचतात, त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलेलं नाही. शेजारच्या बाकावर बिद्रीकडचे पिराजी मास्तर असतात. त्यांनी हे सगळं वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. या माणसाचा उल्लेख पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

शेवटी प्रात्यक्षिक आलं. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला या शास्त्रात ‘प्रयुक्त’ म्हणतात. (बळी म्हणायची लाज वाटली असावी.) प्रयुक्ताला समोर बसवायचं, एकेक शब्द म्हणायचा, आणि त्याच्या मनात पहिल्याप्रथम येईल तो शब्द त्यानं झटकन सांगायचा. आपण घड्याळ लावून बसायचं. उत्तराला वेळ लागला की समजायचं, इथं काहीतरी लपवलंय. म्हणजे विचार करून बोलेल तो लबाड आणि तोंडाला येईल ते बरळेल तो निर्मळ. असलं शास्त्र खरं धरलं तर आमच्या गल्लीत संतच संत निघतील.

शाळेला सुट्टी, त्यामुळे पोरं मिळेनात. म्हणून पहिला प्रयोग घरीच, आमच्या सौ. अनुसयेवर केला. मी म्हटलं ‘घर’, ती म्हणाली सारवायचंय. मी म्हटलं ‘धान्य’, ती म्हणाली निवडायचंय. मी ‘दूध’ म्हटल्याबरोबर ती उठून चुलीकडे पळाली, आणि दूध खरंच उतू गेलं होतं. या शास्त्राचा मला आजवर झालेला उपयोग एवढाच. ती परत बसायला तयार होईना. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. प्रयोग सोमवारी दाखवायचा होता आणि रविवारी सकाळी तुमचे बिद्रीकडचे पावणे आले.

मुलगा बाळासो. कारखान्यात चांगली नोकरी, अंगानं पैलवानी, नजर जमिनीवर. बरोबर मामा हंबीरराव, ज्यांनी बापामागं त्याला वाढवला, ते तुम्हाला माहीतच आहे. पोहे झाले. मामांनी मालाला रीतसर चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, पेपर वाचायला लावला. (तिनं बी.ए.चं एक वर्ष पास केलंय, आणि हंबीरराव पेपरचं दुसरं पान उलटं धरून ऐकत होते.) ती आत गेली, आणि मला वाटलं, हे इतकं विचारतात तर आपणही जावयाला चार शब्द विचारले म्हणून काय बिघडलं? समोर आयता तरणाबांड प्रयुक्त बसलाय, त्याच्यावरून माणूसही कळेल आणि सोमवारही सुटेल. खेळाच्या मास्तरांचं घड्याळ मी आणूनच ठेवलं होतं. ते काढलं आणि बाळासोंना नियम समजावून सांगितला. ते मान हलवून सरसावून बसले.

आता माझ्या ध्यानातून एक गोष्ट निसटली. हंबीरराव जवानीत भेदिक शाहिरीच्या फडात गायचे. एका बाजूनं सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूनं तिथल्या तिथं जवाब द्यायचा, आणि जो गप्प बसला तो हरला. पंचक्रोशीत त्यांच्या फडाला कुणी हरवलेलं नाही म्हणतात. मी घड्याळ दाबून शब्द टाकला, त्यांनी फेटा सावरला. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी सवाल घातलाय.

“व्हय, घाला की मास्तर,” ते म्हणाले. “आमी काय ऐकत न्हाय.”

मी बाळासोंकडे बघून म्हटलं ‘झाड’. हंबीरराव म्हणाले, “बांधावरचं. कोर्टात हाय.” मी म्हटलं ‘पाणी’, ते म्हणाले पाटाच्या पाळीचं. मी म्हटलं ‘तांबडा’, तर शब्द पुरा व्हायच्या आत मांडी थोपटून ‘पांढरा!’ बाळासो प्रत्येक वेळी तोंड उघडायचे आणि तसेच मिटायचे. मी दोनदा विनवलं की जवाब भाच्याचा हवाय. ते म्हणाले, त्यो आन् मी काय येगळं हाय व्हय? असा शब्दांचा निम्मा कागद संपला. शेवटी तोंडातली तंबाखू फारच झाली तेव्हा ते पिंक टाकायला परसात गेले. मी घाईघाईनं कागदावरचा पुढचा शब्द वाचला. तो होता ‘भीती’.

“मामा,” बाळासो म्हणाले. घड्याळाचा काटा हललासुद्धा नव्हता.

आत माजघरात कुणीतरी फिस्सकन हसलं. अनुसया तशी हसत नाही. तेवढ्यात हंबीरराव आले, बाळासोंनी पुन्हा जमिनीकडे बघितलं, आणि पावणे ‘कळवतो’ म्हणून निघून गेले. उंबऱ्यावर हंबीररावांनी मला अभिमानानं विचारलं की एकबी चुकलं न्हाय न्हवं? मी म्हटलं, नाही. तोवर राग कुणालाच नव्हता, अप्पा. तुम्ही उगाच मला बोलताय.

सोमवारी मी तो कागद वर्गात वाचून दाखवला. ‘तांबडा, पांढरा’ आल्याबरोबर आठल्येसर खुर्चीवरून पुढं सरकले. म्हणाले, इतक्या वेगानं विरुद्ध रंग येणं म्हणजे प्रयुक्ताच्या मनात खोल संघर्ष आहे, बहुधा बालपणापासूनचा. सगळा वर्ग बाकं बडवून हसला. या माणसाला महिनाभर कोल्हापुरात राहून मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा कुणी वाढला नाही, आणि हा आमचं मन उलगडणार! मग त्यांनी माझा प्रयोग रद्द केला, कारण प्रयुक्त एक नसून दोन झाले आणि खऱ्या प्रयुक्ताचं उत्तर एकच. एवढ्यावर भागलं असतं. पण पिराजी मास्तर मुक्कामाला गावी गेले आणि पारावर सांगून बसले की हंबीररावांच्या डोक्याची तपासणी विद्यापीठात झाली, आत मोठा बिघाड निघालाय आणि पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलंय. तिथून ते तुमच्यापर्यंत आलं.

हा खुलासा. आठल्येसर आपल्या गावी सुखरूप जातील. पिराजी मास्तरांना सर्टिफिकेट मिळेल. आणि पोरीचं स्थळ टांगणीला लागलंय त्याचं मला फार वाईट वाटतं अप्पा, हे मी थट्टेत लिहीत नाही. मुलगा मला आवडला होता. पण मामापुढं ज्याला ‘झाड’ म्हणता येत नाही त्याच्या घरी पोर द्यायची कशी, हा प्रश्न मानसशास्त्राआधीपासून आहे आणि त्याला शास्त्राकडे उत्तर नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि म्हशीचं कळवा.

तुमचा शिव्या खाल्लेला,
ज्ञानदेव

ता. क. एक वर लिहायचं राहिलं. परवा बाळासो आले होते. एकटेच, यष्टीनं, कारखान्यात रजा टाकून. मी वर्गाला गेलो होतो. अनुसयेला म्हणाले, मास्तरांचा प्रयोग माझ्यामुळं अर्धा राहिला, तो पुरा करायला आलोय. मी घरी पोचलो तेव्हा ते खुर्चीवर बसले होते, समोर घड्याळ धरून माला, आणि दोघांच्या मधोमध अनुसया सूप घेऊन तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत होती. माझा छापील कागद मालानं बाजूला ठेवला होता. मी दाराशीच थांबलो. ती म्हणाली, “आनि मामा नको म्हनले तर?”

काटा फिरायला लागला. एक फेरा झाला, दुसरा झाला. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दारातून दिसत होता. मला वाटलं आता उठून जातील. मालानं घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

“तरीबी,” ते म्हणाले.

शास्त्राप्रमाणं एवढा उशीर म्हणजे शुद्ध लबाडी. आठल्येसरांना दाखवलं असतं तर त्यांनी लाल शाईनं गोल केला असता. पण वर्गात इतक्या वर्षांत, उत्तर चुकलं तर काय होईल हे पुरतं समजून दिलेलं उत्तर मी फार थोड्या वेळा ऐकलंय, आणि कान मात्र उगीच बऱ्याच जणांचे धरलेत.

ता. क. दुसरा. तेव्हा खरी विनंती अशी की हंबीररावांकडे तुम्ही जावं. मी गेलो तर त्यांना वाटेल पुन्हा घड्याळ आणलंय. माफी माझ्या नावानं मागा, वाटेल तेवढी. त्यांनी पोराला बापामागं वाढवलाय, त्यांचा मान मोठाच आहे. पण बाळासो येत्या बाजारच्या दिवशी घरात स्वतः बोलणार आहेत, त्याआधी तुम्ही तिथं बसलेले असलात तर त्यांना बोलायला सोपं जाईल.

ता. क. तिसरा. मालानं हे पत्र माझ्या हातून घेऊन वाचलं. म्हणाली, काका, एवढं पाल्हाळ कशाला, सुपारी फोडायला कधी येताय एवढंच विचारायचं होतं की. तर कधी येताय? आणि येताना वहिनींना घेऊन या, कंबर दुखत असली तरी. माला तसं काही म्हणालेली नाही. पण कालपासून ती तुमच्याकडची शाहूवाडीची गाडी स्टँडवर केव्हा लागते ते मला विचारतेय, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.