हरवलेल्या वस्तूंची खिडकी

४ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. कामाचं कारण देणार होते, पण तुला खोटं लिहिताना हात अडखळतो, म्हणून आधी बातमी सांगते. तुझी तबकडी सापडली. आमच्या ध्वनिसंग्रहालयात एका डॉक्टरांच्या मुलीने वडिलांच्या जुन्या तबकड्यांची पेटी आणून दिली. नोंद करताना एक लेबल वाचलं आणि तशीच बसून राहिले. तेच दोघे जुने इंग्रज विनोदवीर, ज्यांना तू लांबट आणि धापाड्या म्हणायचास. तीच स्टेशनातली हरवलेल्या वस्तूंची खिडकी.

चाळिशी उलटल्यावर ऐकलं तेव्हा कळलं, काय माणसं होती ती. धापाड्या खिडकीशी येऊन सांगतो की आपण स्वतःच हरवलो आहोत. लांबट कारकून हसत नाही, चिडत नाही. तो रंग विचारतो, मग आकार, मग दांडा आहे का ते. धापाड्या बराच वेळ विचार करतो आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणतो की पूर्वी होता. दुसरा कुणी असता तर पुढच्याच वाक्याला लोक हसले की नाही ते बघितलं असतं. हे दोघे मागे वळूनही बघत नाहीत. सगळा वेडेपणा दप्तरी शिस्तीत आणि एकमेकांचा मान राखून. म्हणूनच बहुधा त्यात कुणाचा पाणउतारा होत नाही. मी कानाला हेडफोन लावून एकटीच हसत होते; शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

प्रत करून पाठवते. प्रत करायचं यंत्र जरा बिघडलंय. तुझ्या कानाबद्दल डॉक्टर काय म्हणाले? आणि माझ्याकडे येऊन राहण्याचं काय ठरवलंस?

लोभ असू दे, आणि तो पत्राने कळव.
तुझी,
पावती


११ नोव्हेंबर

चि. पावतीस,
अ. उ. आ.

यंत्र बिघडलंय हे तू कुणाला सांगतेस? जन्मभर दुकानात बसून रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्त केले मी. काय बिघडलंय ते लिही, इथून पत्राने दुरुस्त करतो.

डॉक्टर म्हणाले की डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजवाही उन्हाळ्यापर्यंतच. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. तुझ्याकडे राहायला यायचं म्हणशील, तर नाही. बहिरा म्हातारा म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं बेवारशी सामान. येता-जाता पायात येतं आणि टाकूनही देववत नाही. तुझी मामी असती तर गोष्ट वेगळी होती.

तबकडी मात्र लवकर पाठव. कान मिटायच्या आत एकदा ऐकायची आहे. आणि एक विचारू का? तू रंग लिहिलास, दांडा लिहिलास, पण त्या बाईबद्दल एक अक्षर नाही. धापाड्याच्या गळ्यात चिठ्ठी अडकवून त्याला छत्र्यांच्या फळीवर बसवतात. सकाळी एक बाई हरवलेला हातमोजा शोधायला येते, सगळं सामान नीट बघते आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते की हा माझा नाही, पण हाच न्यायचा. जाताना तो स्वतःची पावती मागतो. त्यावरून तुझं नाव पडलं, आणि तू तेवढंच गाळलंस? आई गेल्यावर आमच्याकडे आलीस तेव्हा आठ वर्षांची होतीस. कशालाच हसायची नाहीस. हसलीस ती त्या बाईला.

मला भीती वेगळीच आहे. दादाचं, तुझ्या मोठ्या मामाचं, शेवटी काय झालं ते तू पाहिलं आहेस. न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगत बसायचा. कानाचं मी समजून घेतलं, पण डोकंही त्याच वाटेने निघालं असेल तर आधी कळलेलं बरं. म्हणून ऐकून खात्री करायची आहे.

आशीर्वाद आहेतच, उधारीवर नाहीत.
तुझा,
मामा


१९ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

यंत्र ठणठणीत आहे. बिघडलं होतं ते माझं धाडस. पेटी आली तेव्हापासून तबकडी टेबलावर पडून आहे.

बाई त्यात नाही, मामा. फळी नाही, चिठ्ठी नाही, पावती नाही. दोन्ही बाजू ऐकल्या. दुसऱ्या संग्रहातून आणखी एक प्रत मागवली, त्यातही नाही. दांड्यानंतर कारकून खिडकी लावतो आणि जेवायला जातो. तिथेच संपतं.

पाठवली तर तुला मोठ्या मामाची आठवण होणार, हे तू लिहायच्या आधीच मला दिसत होतं. नाही पाठवली, तर तुला एवढी एक गोष्ट ऐकायची आहे, तीही मी अडवलेली. बाईचं बोलणं कुणाकडून तरी वदवून मध्ये जोडून द्यावं, असंही एक दिवस डोक्यात आलं. ते मला जमलंही असतं, आणि त्याचीच लाज वाटली. मग असंही मनात येतं की मी खरंच तुझ्यासाठी घाबरले होते का? ती बाई नाही हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मला तू आठवला नाहीस, मीच आठवले. आठ वर्षांची. मला न्यायला आलेलं कुणीतरी कमी झालं असं वाटलं.

निर्णय मी करणं बरोबर नाही. कॅसेटवर उतरवलेली प्रत सोबत आहे. ऐकायची की नाही ते तू ठरव.

रागावलास तरी चालेल, पण लोभ आवरता घेऊ नकोस.
तुझी,
पावती


२७ नोव्हेंबर

चि. पावतीस,
अ. उ. आ.

कॅसेट मिळाली. उजवा कान यंत्राला चिकटवून ऐकली. दांड्यापाशी इतका हसलो की वरच्या मजल्यावरचा शिंपी खाली येऊन बघून गेला. मग खिडकी लागली, आणि पुढे नुसती खरखर. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासायला घेतली आणि नळ सोडल्याबरोबर सगळं आठवलं. ग्रामोफोन एका गिऱ्हाइकाचा होता, तबकडी त्याचीच. दुरुस्ती बरोबर झाली का ते बघायला म्हणून घरी लावली होती. खिडकी लागली, मी हसलो, आणि तू विचारलंस की मग तो माणूस रात्री झोपला कुठे. तुझी मामी मोरीत भांडी घासत होती. ती म्हणाली की छत्र्यांच्या फळीवर, गळ्यात चिठ्ठी अडकवून, आणि सकाळी एक बाई येते. पुढचं सगळं तिने तिथूनच सांगितलं, हातमोज्यापासून पावतीपर्यंत. हसली नाही, मागे वळूनही बघितलं नाही. सांगून झालं आणि पातेलं विसळायला घेतलं.

गिऱ्हाईक आपली तबकडी घेऊन गेलं. ती गोष्ट मी तुला इतक्या वेळा सांगितली की बाईसुद्धा त्या दोघांच्या नावावर जमा झाली. तेव्हा डोकं शाबूत आहे. आणि मामीचं बोलणं ऐकायला मला कान कधी लागलेच नाहीत. मी ऐकत नाही हीच तर तिची तक्रार होती.

राहायला येण्याबद्दल मात्र उत्तर तेच. हट्ट करू नकोस.

तुला माझे आणि तिचे, दोघांचेही आशीर्वाद.
तुझा,
मामा


२ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. शेजारच्या बाईंनी या वेळी पाणी आणलं नाही, खुर्ची जवळ ओढून बसल्या.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. माझा एक हातमोजा हरवला आहे, तो तुझ्याकडे असेल असं वाटतं. दुकानातल्या रेडिओंच्या खालची फळी रिकामी करून तिच्यावर बसून राहा. रंग आणि आकार मी विचारणार नाही. सगळं सामान नीट बघून घेईन आणि मग जे म्हणायचं ते म्हणेन. ऐकू आलं नाही तरी तुला ते पाठ आहे. तुझा नकार वाचला आहे. पण फळीवरच्या सामानाला कुणी विचारल्याचं मामीच्या गोष्टीत मला आठवत नाही. पावती मिळेल, सहीसकट.

लोभ असावा, आणि तो जरा मोठ्या आवाजात असावा.
तुझी,
पावती

ता. क. माझं उद्याचं काम : पुठ्ठ्याची चिठ्ठी कापून तिच्यात गळ्यात बसेल एवढा दोरा ओवणे.