प्रणयचं टेबल

पिरकोन, ता. उरण
रविवार, २२ जून २०२५

ती. दादास,
(मोठ्या भावाला तीर्थरूप लिहायचं असतं असं शाळेत शिकवलंय, म्हणून. बाकी तुझ्यात तीर्थासारखं काही नाही.)

अमिषाचा नमस्कार. त्या डोंगरात तुझा फोन लागत नाही, लागला तर तू उचलत नाहीस, आणि मेसेजला उत्तर म्हणून चार दिवसांनी एक अंगठा पाठवतोस. म्हणून गेस्ट हाऊसच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. पाहुण्यांना बर्फ दाखवून झाला की वाच.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण औषधाचं नाव काढलं की लगेच बरा होतो. लोणचं घातलंय, तुझ्या नावाची बरणी यंदाही वेगळी काढली आहे. चंदरकाका रोज पप्पांच्या यार्डात जातो. ट्रेलर चालू आहेत, न्हावा शेवा बंदराच्या रांगेत अर्धा दिवस उभे राहतात आणि काका त्यांच्या नावाने घरी येऊन ओरडतो. म्हणजे सगळं पहिल्यासारखंच आहे, एक माणूस सोडला तर.

आता बातमी. मला प्रवेश मिळाला. मुंबईत, पाच वर्षांचा कोर्स, मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट एकत्र. हो, तोच. ज्याची पेपरातली जाहिरात पप्पांनी तुझ्यासाठी कापून देवाच्या फोटोमागे ठेवली होती आणि ज्यातून तू दुसऱ्या वर्षी उठून निघून गेलास, तोच. कॉलेज तेवढं वेगळं.

पुण्याच्या सरकारी कॉलेजात नुसतं मेकॅनिकलही मिळालं असतं. आमचे सर म्हणाले, तेच घे, या एकत्र कोर्समध्ये पोरं धड इंजिनिअर होत नाहीत आणि धड मॅनेजरही होत नाहीत. काकाचं म्हणणं, उरणला बी.कॉम. कर, बिलं बनवता आली म्हणजे झालं. आईने फॉर्मवर सही केली.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, दोन्ही कशाला शिकायचंय तुला? मी पाठ केलेलं इंग्रजी उत्तर विसरले आणि डाळिंबांची गोष्ट सांगितली. तुला आठवते ना? बंदराच्या वाटेत बिघडला म्हणून भरलेलाच आपल्या यार्डात दुरुस्तीला आणलेला तो थंड कंटेनर, ज्यातली डाळिंबं सडली. मेकॅनिक मशीनचं सांगत होता, अकाउंटंट विम्याचं, आणि पप्पा दोघांच्या तोंडाकडे बघत उभे. रात्री जेवताना म्हणाले, "यो बोलतं कॉम्प्रेसर जेला, त्यो बोलतं क्लेम जेला, आन् मदी माजी डालिंबा जेली! घरान एक तरी मानूस दोनी शिकलेला पायजे." मुलाखत घेणारे सगळे हसले. मीही हसले. मग खाली येऊन जिन्यात बसून रडले, कारण ते वाक्य पप्पा तुझ्याकडे बघून म्हणाले होते. मी शेजारीच होते. त्यांना भात वाढत होते.

यार्डातल्या केबिनमध्ये त्यांनी तुझ्यासाठी टेबल करून घेतलं होतं, वर काच लावलेलं. तू गेल्यावरही ते रोज पुसायचे. मी अकरावी-बारावीला तिथे अभ्यासाला बसायचे, कारण घरी टीव्ही. मला कधी उठवलं नाही त्यांनी. फक्त म्हणायचे, "काचेवर वही घासू नको गो, प्रणयचा हाय त्यो." मी वर्तमानपत्र पसरून त्यावर वही ठेवायचे. दोन वर्षं.

त्यांना राग नव्हता तुझ्यावर. राग असता तर बरं झालं असतं, निदान बोलून मोकळे झाले असते.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. वरच्या सगळ्या गप्पा ते टाळण्यासाठीच होत्या, हे तुला एव्हाना कळलं असेल.

दहाव्याच्या दिवशी तू काकाला फोन करून विचारलं होतंस, कावळा शिवला का. काका म्हणाला, लगेच शिवला, पान ठेवल्या ठेवल्या. तू फोन ठेवलास. मी काकाच्या बाजूलाच उभी होते.

दादा, कावळा शिवला नाही.

खाडीवर पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरकलो. बांधावर चार-पाच कावळे बसलेले. एकही येईना. काका हात जोडून पुढे झाला. "दादूस, तुज्या गाऱ्या इकनार न्हाय. तुजा धंदा बंद परू देनार न्हाय." कावळे तिथेच. मग म्हणाला, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. शेजारचे लोकही आठवून आठवून एकेक बोलायला लागले, देवळाचा पत्रा, अर्धवट राहिलेला माळा, कोणाला काय सुचेल ते. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

तेव्हा मी पुढे गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "पप्पा, मी दोन्ही शिकेन. इंजिन पण आणि धंदा पण. यार्ड मी सांभाळेन, तुम्ही जावा."

एक कावळा बांधावरून खाली उतरला. पानाच्या अगदी जवळ आला. आईने माझा हात घट्ट धरला. त्याने मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि उडून गेला. मागोमाग बाकीचेही गेले.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. गवताचा. आणि आम्ही घरी आलो.

तिथे सगळ्यांनी सगळं कबूल केलं, दादा. एकच गोष्ट कोणी बोललं नाही, प्रणय घरी येईल. आईच्या ओठांवर आलं होतं, मी पाहिलं. पण तुझ्या वतीने शब्द द्यायची तिची हिंमत झाली नाही. खोटं पडलं तर पप्पा कुठे अडकतील, ही भीती.

तुझा रस्ता बर्फाने बंद होता, हे आईला माहीत आहे. तो पप्पा गेल्याच्या पाचव्या दिवशी उघडला होता, हे तिला माहीत नाही. मी मोबाईलवर बघितलं होतं. तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तेव्हापासून आई रोज दुपारी गच्चीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवते. आता गावातले सगळे कावळे येतात मेले, भांडून खातात. ती बघत उभी राहते.

तू समजशील की मी शब्द दिला म्हणून हा कोर्स घेतला. नाही. माझा शब्द तर कोणी घेतलाच नाही. मला कॉम्प्रेसर उघडून बघायला आवडतो, आणि डाळिंबं सडली की कोणाचं काय बुडतं हेही समजून घ्यायचंय. पप्पांना हे कधी विचारावंसं वाटलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, दादा. ते गेले त्याच्याइतकंच वाईट वाटतं, आणि असं वाटतं म्हणून लाजही वाटते.

यार्डासाठी तू येऊ नकोस. यार्ड मी बघेन, तुझ्याहून बरं बघेन. पण जानेवारीत वर्षश्राद्ध आहे. तेव्हा ये आणि पान तुझ्या हाताने ठेव. काही कबूल करू नकोस, नुसता उभा राहा. मी लांब थांबेन. कावळा आला तर मला रडू येईल, पप्पा तुझ्यासाठीच थांबले होते म्हणून. तरी ये. त्यांना सुटू दे.

आईला तुझा नमस्कार सांगते. तू लिहिला नाहीस तरी.

तुझ्या टेबलावर, काचेवर काहीही न पसरता लिहिणारी,
अमिषा