सहा तलंगा आणि शंभर टक्के उत्पादन

५ ऑक्टोबर २०२४
मुख्याध्यापकपदावरून रिटायर होऊन पाच दिवस झाले. आराम पुरे. निर्णय: मागच्या अंगणात कोंबड्या पाळणे. कारण आमची अमृता. पोरीला पाचवा महिना लागला, रक्त कमी आहे, डॉक्टरांनी रोज अंडं खायला सांगितलं. डिसेंबरात माहेरी येईल. फोनवर शब्द देऊन टाकला: घरचं ताजं अंडं, रोज, न चुकता.
बायको सुधा म्हणाली, तुम्हाला कुंडीतली तुळस जगवता आली नाही. तुळशीचा विषय वेगळा आहे.

८ ऑक्टोबर
मोहगावच्या गुणवंताकडून सहा तलंगा आणल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. तो म्हणाला, गुरुजी, दिवसा मोकळ्या सोडा, दिवेलागणीला खुराड्यात कोंडा, बाकी काही करू नका. अनुभवी माणूस, पण अभ्यास नाही. मी यूट्यूबवर चौदा व्हिडिओ पाहिले.
टाइमटेबल करून खुराड्यावर चिकटवलं. सहाला उठणे, सव्वासहाला दाणा.

९ ऑक्टोबर, सकाळी ८.४०
कोंबड्या टाइमटेबलप्रमाणे उठल्या. मी उद्यापासून.

१४ ऑक्टोबर
कोंबड्या खुराड्यात बसत नाहीत, पेरूच्या झाडावर चढून राहिल्या. शेजारच्या पंचफुलाबाईंकडे पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या. कुंपणावरून म्हणाल्या, आत तुम्ही प्लॅस्टिकचा पाइप टाकला जी, त्याच्यावर पाय घसरते त्यायचे, लाकूड टाका. पाइप आयएसआय मार्कचा आहे. दोष कोंबड्यांच्या पकडीत.

१७ ऑक्टोबर
पकड सुधारली. सहाही आत. पाइपच्या जागी कडुनिंबाची फांदी कशी आली, कोण जाणे. सुधा म्हणते, काल वारा होता. असेल.

३ नोव्हेंबर
गावाच्या नावानं व्हॉट्सॲप ग्रुप काढला: 'सौंसर अंडी मार्गदर्शन'. एकवीस मेंबर. माझा जुना विद्यार्थी योगेश, त्यानं विचारलं, सर, आतापर्यंत अंडी किती? कळवलं की प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. सात जण बाहेर पडले. शिस्त लागते.

२१ नोव्हेंबर
पहिलं अंडं. सुधाच्या जुन्या टोपलीत. एवढंसं, तपकिरी, कोमट. दहा मिनिटं हातात धरून बसलो. सुधा अंडं खात नाही, शनिवारी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन चुकवत नाही, पण उकडायला वेगळा गंज, छोटं पातेलं, काढून दिला. हृदयपरिवर्तन. माझ्यामुळे.

३० नोव्हेंबर
रोज तीन, कधी चार. अमृताला फोटो पाठवले. मी तर म्हणतो, पोल्ट्रीवाल्यांनी इकडे ट्रेनिंगला यावं.

६ डिसेंबर
काल संध्याकाळी ग्रुपसाठी व्हिडिओ केला: 'कोंबड्यांची सुरक्षा'. सकाळी दोन कोंबड्या मेलेल्या. मुंगूस. व्हिडिओ काढताना दार उघडं राहिलं.
सुधानं दोघींना पेरूखाली पुरलं. एकीला ती लाडी म्हणायची. मला माहीत नव्हतं.
आधी लिहिलं होतं की कडी खराब आहे. खोडलं. कडी चांगली आहे.

११ डिसेंबर
उरलेल्या चौघी धास्तावल्या. एकही अंडं नाही. उद्या अमृता येते.
उपाय सापडला. बसस्टँडच्या दुकानातून अंडी आणली. पांढरीशुभ्र. ओली माती चोळली, टोपलीत ठेवली. हे खोटं नव्हे. तात्पुरती व्यवस्था.

१३ डिसेंबर
अमृतानं स्वतः टोपलीतून अंडं उचललं. म्हणाली, बाबा, घरचं ते घरचं. पोरीचा चेहरा फार उतरलाय. दोन खाल्ली.

१६ डिसेंबर
टोपलीत मी दोन ठेवली होती. निघाली सहा. म्हणजे चार खरी, तीही तपकिरी. चार कोंबड्या, चार अंडी. शंभर टक्के. एवढं तर सरकारी फार्मवरही होत नसेल.
तात्पुरती व्यवस्था बंद.

२९ डिसेंबर
निवृत्त शिक्षकांच्या सभेत व्याख्यान दिलं: 'शंभर टक्के उत्पादन, माझी पद्धत'. पन्नास मिनिटं बोललो. योगेशनं रेकॉर्ड केलं. दोन सरांनी तलंगा घ्यायचं ठरवलं.

१ जानेवारी २०२५
शून्य.

२ जानेवारी
शून्य. हवामान असावं. जेवताना कारणं समजावून सांगत होतो. सुधा ताट वाढता वाढता म्हणाली, पंचफुलाबाई परवापासून रामाकोन्याला लेकीकडे गेल्या आहेत.
मी विचारलं, त्याचा इथं काय संबंध.
"अहो, अंडी त्यांची होती. मीच आणून टोपलीत ठेवत होते."
काऊन, म्हटलं.
"मुंगसानं मारल्यावर तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता."
मी अमृताकडे पाहिलं. ती भात कालवत राहिली. मग हळूच म्हणाली, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अंड्यावरच्या मातीत माझ्या अंगठ्याचा ठसा होता.
"तरी खाल्लंस?"
"तुम्ही दारात उभे राहून पाहत होते ना, बाबा."

३ जानेवारी
दुकानाची अंडी आता उघडपणे फ्रिजमध्ये. तपकिरी आणली, ती जास्त पौष्टिक दिसतात. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर व्याख्यानाला चौऱ्याऐंशी अंगठे आले. दोन सरांना फोन करायचा आहे. सोमवारी करतो.

५ जानेवारी, सकाळी ६.१०
आज मी टाइमटेबलप्रमाणे उठलो. टोपलीत एक अंडं. तपकिरी. सुधा जामसांवलीचा प्रसाद द्यायला समोरच्या घरी गेलेली, पंचफुलाबाई अजून रामाकोन्यालाच. म्हणजे खरं. अमृता शाल गुंडाळून मागच्या दारात उभी होती. म्हणाली, बाबा, झाल्या ना सुरू?
मी म्हटलं, हो बेटा, पद्धत चुकत नाही.
अंडं उचललं. बर्फासारखं गार होतं. चहाचं दूध काढायला फ्रिज उघडला. रात्री मी भरलेल्या ट्रेमधली एक जागा रिकामी होती.