ससा हयात असेपर्यंत

मी, खाली अंगठा उठवणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पडदे व अभ्रे शिवणे (आता बंद), आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाला, लाडीगोडीला किंवा रडण्याला न बधता माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे सांगून ठेवत आहे. डोळ्यांपुढे धुके आहे आणि गुडघे कामातून गेले आहेत, त्यामुळे खाटेवरून उठणे होत नाही. डोके मात्र जागेवर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने पुढे वाचावे, शंका फिटेल.

मला दिसत नसल्याने हा मजकूर माझी धाकटी बहीण लिहीत आहे. तिचे अक्षर सुरेख आहे. दुसरे काही तिला सुरेख लाभले नाही. मी बोलेन ते जसेच्या तसे लिहायचे, आणि मध्ये तिने तोंड उघडले तर तेही लिहायचे, असे मी तिला बजावले आहे. उद्या ती कोर्टात गेलीच तर न्यायाधीशांना कळू दे की मी काय सोसले. संध्याकाळी साक्षीदार येऊन सगळे मला वाचून दाखवणार आहेत, तेव्हा शहाणपणा चालणार नाही.

पहिले, घर. पुढचे दुकान, मागच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि मागचे अंगण ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तीवर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध वा वाटा नाही.

येथे लिहिणारीने पेन थांबवले.

“स्वकष्टार्जित म्हणजे?”

“स्वतःच्या कष्टाने मिळवलेली. एवढं कळत नाही?”

“ते कळलं. स्व म्हणजे कोण, ते विचारतेय.”

“स्व म्हणजे मी. लिही.”

तिने लिहिले. दुकानात दोन मशिनी होत्या आणि एकीवर ती बसायची, एवढ्यावरून तिला काही वाटत असेल तर वाटो. मापे मी घेत होते, गिऱ्हाइकाशी मी बोलत होते, पाटीवर नाव माझे होते. मशीन काय, पाय असलेले कोणीही चालवते.

दुसरे, ससा. माझ्याकडे साहेब नावाचा एक पांढरा ससा आहे. उजवा कान टोकाशी फाटलेला, डाव्या डोळ्याभोवती काळे वर्तुळ. खूण मुद्दाम देत आहे, कारण मागाहून बाजारातून दुसरा पांढरा ससा आणून माझ्या डोळ्यांत धूळ फेकायचा प्रयत्न होईल आणि तेव्हा माझे डोळे उरलेले नसतील. हा ससा माझ्या भाच्याने मुलीच्या हट्टापायी आणला. सोफ्याचा पाय, मोबाईलच्या चार्जरची वायर आणि भाचेसुनेची नवी कोरी चप्पल कुरतडून झाल्यावर त्याला खोक्यात घालून माझ्या दारात आणून ठेवला. “आत्या, तुम्हाला तेवढाच विरंगुळा,” असे म्हणाला. पिंजराही आठवणीने दिला, कारण तो त्याच्या घरात अडचण करत होता.

तिसरे. वरील ससा हयात असेपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीने या घरात राहावे. ससा मेल्यावर महिन्याभरात तिने घर रिकामे करून किल्ली माझ्या भाच्याच्या हाती द्यावी, आणि तेथून पुढे घर त्याचे.

“आणि मग मी कुठे जायचं, ताई?”

“ते साहेबाला विचार. त्याच्या हातात आहे.”

“तो आत्ताच म्हातारा झालाय.”

“मग त्याला जप. मला जपतेस त्यापेक्षा बरं जप.”

कारण विचारणाऱ्यांसाठी कारण देते. घर सरळ तिच्या नावावर केले असते तर माझी पाठ वळताच तिने सगळ्या खिडक्या उघडून पाय पसरले असते. भाच्याच्या नावावर केले असते तर मला पोचवून परत येतानाच त्याने वाटेत दलालाला फोन लावला असता. आता एकीला ससा जगायला हवा आणि दुसऱ्याला मरायला हवा, त्यामुळे दोघेही रोज त्याच्या तब्येतीची चौकशी करतील. माझ्या तब्येतीची इतकी चौकशी कोणी केली नाही, हे मला लागले आहे आणि ते मी लपवत नाही.

चौथे, साहेबाला रमवण्याविषयी. ससा खोडसाळ नसतो, कंटाळलेला असतो. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला चावायला काहीतरी लागतेच; आपण दिले नाही तर तो आपल्या पसंतीचे शोधतो. वाळके गवत त्याच्यापुढे दिवसभर हवे. कापडाचे तागे ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळून यायचे त्या माळ्यावर पुष्कळ पडल्या आहेत. एका नळीत गवत ठासून भरावे आणि आत मधोमध गाजराचा तुकडा लपवावा, तो हुडकण्यात त्याची सकाळ निघते. खोक्याला दोन भोके पाडून द्यावे, एक शिरायला आणि एक निघायला, नाहीतर त्याला ते घर वाटत नाही. चिंध्यांची पेटी उकरायला मोकळी ठेवावी. चावायला झाडाच्या काड्या द्याव्यात.

“औषध न मारलेल्या झाडाच्या,” लिहिणारी म्हणाली. “आणि रंगवलेलं लाकूड नको.”

मला ते माहीत होते. नळ्यांची युक्तीही आपली आहे असे तिचे म्हणणे पडले. असेल. माझ्या घरात राहून काहीतरी शिकणारच.

वायरी भिंतीवर उंच न्याव्यात किंवा जाड नळीत घालाव्यात. टेबलाच्या पायांना पत्रा ठोकावा. कुरतडताना सापडला तर ओरडू नये, फटका तर मुळीच देऊ नये. दुसरे काही पुढे करून त्याला तिथून हलवावे. आणि पिंजऱ्यात कोंडून ठेवू नये. कोंडलेला ससा आधी गज चावतो, मग चावायचे सोडून नुसता बसून राहतो, आणि घरच्यांना वाटते की शहाणा झाला.

यावर लिहिणारी हसली. हसल्याचेही मी लिहायला लावले आहे. हसण्यासारखे मी काय बोलले ते तिने सांगितले नाही.

पाचवे. सशाला एकटे ठेवले की तो झुरतो. म्हणून बहिणीने त्याला तासाभराहून जास्त सोडून बाहेर जाऊ नये, परगावी मुक्काम करू नये, आणि कोपऱ्यावरचा घड्याळवाला चहाच्या निमित्ताने आला तर त्याला पुढच्या दुकानातच बसवावे. तो विधुर आहे आणि त्याला घाई नसते. मागे हिला एक स्थळ सांगून आले होते, तेव्हा ‘ती इथे छान रमली आहे’ असे मी परस्पर कळवून टाकले होते. ते योग्यच होते. पडद्यांचा हंगाम होता.

“मला म्हणाली होतीस, त्यांनीच नको म्हटलं.”

“तुला सोपं जावं म्हणून. पुढे लिही.”

नाक ओढल्याचा आवाज आला. तिचे आता एकोणसाठ झाले, या वयात रडून काय मिळते ते तिलाच ठाऊक.

सहावे. ससा विजेचा धक्का बसून, काही भलतेच खाऊन किंवा भाचा भेटून गेल्यावर लगोलग मेला, तर घर दोघांनाही मिळू नये. ते पाडून ती जागा गल्लीतल्या गाड्या उभ्या करायला द्यावी. गल्लीतल्या लोकांनी मला कधी विचारले नाही, पण निदान दोन नातेवाईकांची पडलेली तोंडे बघायला त्यांना जागा होईल.

सातवे, किरकोळ वस्तू. भाचेसुनेला तिची कुरतडलेली चप्पल द्यावी, ती मी जपून ठेवली आहे. पलीकडच्या शिंप्याला माझी मोठी कात्री द्यावी. माझे पडदे सरळ पडत नाहीत असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. कात्री बोथट आहे, धार लावून देऊ नये. माझा चष्मा बहिणीला, आता तिला लागेल. दोन्ही मशिनी भंगारात काढाव्यात.

“माझीसुद्धा?”

“तुझी कोणती?”

तिने पान उलटले.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही आणि पुन्हा करणार नाही; माणसे बदलत नाहीत, मग कागद कशाला बदलायचा. वरील सर्व मला वाचून दाखवण्यात आले, ते माझ्या मनासारखे उतरले आहे, म्हणून राजीखुशीने अंगठा उठवत आहे.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, मंगळवार

मृत्युपत्र करणारीचा डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार
१. नाक्यावरचा औषधवाला. मी सर्व मजकूर मोठ्याने वाचला. “हे खरंच असंच ठेवायचं का?” असे मी दोनदा विचारले. बाईंनी “असंच” म्हणून आमच्यादेखत अंगठा केला. (सही)
२. कोपऱ्यावरचा घड्याळवाला. मी हजर होतो. पाचवे कलम मी खाली मान घालून ऐकले. (सही)

मजकूर लिहिणारी
वरील मजकूर ताईने सांगितला तसा लिहिला आहे. एक अक्षर इकडचे तिकडे केलेले नाही. तिला दिसत नाही, मला वाटेल ते लिहिता आले असते, आणि साक्षीदारांनीही मला पाठीशी घातले असते असे त्यांच्या तोंडांवरून वाटले. पण हे घर मला नको आहे.

औषधवाले निघाले तेव्हा त्यांना मी दारात विचारले की हे कधीपासून लागू होणार. ते म्हणाले, “अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलायला लागतं. त्या आहेत तोवर तो नुसता कागद आहे.” ताईला वाटते की अंगठा उठला आणि मी बांधली गेले. तसे झालेले नाही. तिच्या हयातीत घरही तिचे आहे, ससाही तिचाच आहे आणि त्याला रमवायचे कामही तिचेच आहे.

गणवेशाच्या कारखान्यात मला मशीनवर जागा मिळते आहे, वरच राहायची खोली आहे. उत्तर द्यायचे मी पुढे ढकलत होते, ताईचे कोण करील म्हणून. आज पाचवे कलम लिहून झाल्यावर ती काळजी संपली. मला या घरात एक दिवसही करमले नाही, हे तिने कधी विचारले असते तर सांगितले असते.

साहेबाला पिंजऱ्यातून काढून खाटेखाली सोडले आहे, तिच्याच सूचनेप्रमाणे. ताईच्या उशाशी असलेल्या टेलिफोनची वायर तिथूनच जाते. ती नळीत घालायची राहून गेली. आज मंगळवार, भाचा रविवारी येतो.

ताई विचारते आहे, “एवढा वेळ काय खरडतेस?” मी सांगितले, “सही करतेय.” पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. घरातले गवत संपले आहे, ते आणायला जाते, असे तिला सांगून निघते आहे.

(सही) धाकटी