लाल चिंधी आणि पाचवा प्रश्न

ता. ३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. आणि वर एक कडक सलाम.

बाबांच्या पत्राच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात तू लिहिलंस की हॉस्पिटलातल्या वाफेच्या खोलीला नवा प्रमुख नेमायचा आहे आणि तू अर्ज केला आहेस. आई, ही काय कोपऱ्यात लिहायची बातमी आहे? बावीस वर्षं तू त्या खोलीत कात्र्या, चिमटे आणि कापडाचे गठ्ठे कडक वाफेतून काढून वर ऑपरेशनला पाठवते आहेस. याआधी तीनदा ती जागा रिकामी झाली, तीनदा मी मागे लागले आणि तिन्ही वेळा तू काहीतरी कारण काढून विषय बदललास. या वेळी अर्ज केलास, मी इथे खुर्चीत उडालेच!

आता माझं ऐकायचं. मी रोज पाच-सहा माणसांच्या मुलाखती घेते, त्यामुळे कुणाची कुठे भंबेरी उडते ते मला पाठ आहे. सोबत सात प्रश्न पाठवते आहे. बाबांना समोर बसव आणि उत्तरं मोठ्यानं म्हण. मग ती मला लिहून पाठव. फोन केला असता, पण फोन खालच्या काकूंच्या घरात. काकूंनी एक शब्द ऐकला की तुझ्या मॅट्रनबाईंना तो तासाभरात कळेल. मुलाखत दोन एप्रिलला, म्हणजे वेळ भरपूर आहे.

बाबांना सा. न. तुझ्या लोभाची हक्कदार,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि सलाम पोचला.

तुझे प्रश्न आले. तुझ्या बाबांनी दुकान तासभर लवकर बंद केलं, चांगला शर्ट घातला, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि टेबलामागे असे काही बसले की मला हसू आवरेना. त्यांनी मला दोनदा दाराबाहेर पाठवलं, कारण मी न विचारता खुर्चीत बसले होते.

पहिला प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मी सांगितलं की मला मशीनच्या आवाजावरून आत किती वाफ भरली ते कळतं. बाबा म्हणाले, हे छान आहे, पण आधी नाव सांग. दुसरा, तिसरा, चौथा जमला. हाताखालच्या माणसाशी पटलं नाही तर काय कराल, यावर मी म्हटलं की आधी त्याला खायला देईन, कारण आमच्याकडे निम्मी भांडणं दुपारी बाराच्या आधीची असतात. सहावा, सातवाही झाला. उत्तरं मागच्या पानावर लिहिली आहेत, वाचून कान उपटायचे तर उपट.

इथे सगळं ठीक. तुझा खोकला गेला का? त्याबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस.

मायेत काटकसर न करणारी,
आई

ता. क. मी, बाबा. पोरी, आयुष्यभर लोकांची अडकलेली कुलपं उघडली, पण तुझ्या आईचं पाचवं उत्तर काही उघडेना. प्रश्न वाचला की ती उठून भांडी घासायला लागते. काल तर घासलेलीच घासली.

ता. १३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकला गेला. आता पाचवा प्रश्न.

मागचं पान मी तीनदा उलटून पाहिलं. चार झाल्यावर तू थेट सहावर उडी मारलीस. मी तुझीच मुलगी, मला चकवणं सोपं नाही. तुमच्या हातून कामात झालेली सर्वांत मोठी चूक कोणती, हा प्रश्न हमखास येतो आणि शहाणीसुरती माणसंही तिथे ततपप करतात. त्यासाठी एक ठरलेलं उत्तर आहे. म्हणायचं की मी कामात इतकी बुडून जाते की स्वतःकडे लक्ष राहत नाही. चूकही सांगितल्यासारखी होते आणि कौतुकही होतं. मुलाखतीच्या तयारीसाठी येणाऱ्या सगळ्यांना मी हेच शिकवते.

आणि तुला तर चूक शोधूनही सापडायची नाही. घरातले साधे रुमालसुद्धा तू कडा आत घेऊन घडी घालतेस. लहानपणी मला ती घडी जमेपर्यंत उठू द्यायची नाहीस. अशा बाईच्या हातून काय चूक होणार?

पाचव्या उत्तराची वाट पाहणारी, तोवर लोभ राखून ठेवलेली,
भिंगरी

ता. २० मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि दोन वेळा फाडलं. ही गोष्ट बाबांना ठाऊक आहे, तुला नाही. तू अकरा वर्षांची होतीस, म्हणजे पंधरा वर्षं झाली.

आमच्याकडे प्रत्येक गठ्ठ्यावर एक पट्टी चिकटवतात. तिच्यावर फिक्या रेघा असतात. वाफेतून गठ्ठा नीट निघाला की त्या काळ्या होतात. त्या दिवशी दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक वाफेतून निघालेली, एक अजून जायची. मला चारला निघायचं होतं. घाईत मी पट्टी न बघता ट्रॉली वर पाठवली. मशीनकडे वळले तर काळ्या रेघांची ट्रॉली माझ्यासमोरच उभी. सोबतची बाई म्हणाली, हळूच जा, नर्सला बाजूला घेऊन गठ्ठे बदल, कुणाला कळणार नाही. पण हळूच जायला वेळ कुठे होता? मी तीन मजले पळाले. ऑपरेशनच्या दारापुढे आमच्यासारख्यांना जाता येत नाही. मी दार ढकललं आणि ओरडले की थांबा, ते गठ्ठे कच्चे आहेत. रोगी बाई भूल देऊन टेबलावर होती आणि नर्सनं पहिला गठ्ठा हातात घेतला होता. पट्टी तिनंही पाहायला हवी होती, पण ते तिचं उत्तर, माझं नव्हे.

तिथलं सगळं काढून पुसून पक्के गठ्ठे नव्यानं मांडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. ती बाई बरी होऊन घरी गेली, हे मी स्वतः वॉर्डात जाऊन पाहिलं. त्याच दुपारी चौकशी झाली आणि मला मेमो मिळाला. मशीनवरून काढून मला तीन वर्षं जखमेवरच्या कापडाच्या घड्या घालायला बसवलं. एक सुटा धागा जखमेत राहिला तरी त्रास, म्हणून कडा आत. तुझ्या रुमालाची घडी तिथली आहे. मेमो असताना कुठल्या तोंडानं अर्ज करायचा, म्हणून त्या तीन वेळा गप्प बसले. या वेळी मनाशी म्हटलं, फार तर नाही म्हणतील.

घड्यांच्या खोलीतून परत आले त्या दिवशी मी एका जुन्या लाल कापडाची चिंधी फाडून कच्च्या ट्रॉलीच्या दांड्याला बांधली. जो मशीन उघडेल त्यानंच ती सोडायची. आता सगळ्या मजल्यांवर लाल चिंधी बांधतात. कुणी सुरू केली ते कुणी विचारलं नाही.

आणखी एक. काल ऑफिसातल्या कारकुनानं मला गाठून सांगितलं की ऑफिस नव्या खोलीत हलवताना दहा वर्षांपेक्षा जुने कागद नष्ट केले, माझी फाइल आता कोरी करकरीत आहे. तो अभिनंदन करून गेला. मला मात्र रात्रभर झोप नाही.

त्या दिवशी चारला कुठे जायचं होतं, ते तुला आठवेलच.

तुझ्या लोभाची आज जरा जास्त गरज असलेली,
आई

ता. २४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

आठवलं. शाळेत माझं भाषण होतं, मला पहिलं बक्षीस मिळालं आणि तिसऱ्या रांगेतली तुझी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्या चार दिवसांत तू मला एका शब्दानंही सांगितलं नाहीस की त्याच वेळी तू चौकशीसमोर उभी होतीस. आई, मला क्षमा कर. मी अकरा वर्षांची होते, हे काही पुरेसं कारण नाही. पुढे पंधरा वर्षांत विचारायला हवं होतं.

मला तुझा किती अभिमान वाटतो, ते लिहायला घेतलं तर पाकीट फुगेल. मी वाचता वाचता ऑफिसातच रडले आणि सगळ्यांना सर्दी झाली म्हणून सांगितलं.

पण आता माझ्यातल्या मुलाखत घेणारीचं ऐक. ही जागा तुझी आहे. फाइल कोरी आहे, त्या टेबलावरच्या कुणालाही काही ठाऊक नाही. मुलाखत म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पाचवा प्रश्न आलाच तर ठरलेलं उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं. तू शिक्षा भोगलीस, तीही तीन वर्षं. आता स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. माझ्यासाठी एवढं ऐकशील?

हट्टानं लोभ मागणारी,
भिंगरी

ता. ३ एप्रिल

चि. भिंगरी हिस,
बाबांचे भरघोस आशीर्वाद.

आई झोपली आहे, भरदिवसा, हे नवलच. म्हणून मीच लिहितो. काल दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. तिनं निळा पोशाख घातला होता, बूट मी चमकवले होते. आधीचा उमेदवार पंधरा मिनिटांत बाहेर आला. तुझी आई पाऊण तास आत. मी बाकाचे सगळे खिळे मोजले.

आत मॅट्रन आणि दोन डॉक्टर होते. चार प्रश्न फटाफट झाले. मग पाचवा आला, अगदी तुझ्याच शब्दांत. ती म्हणते, तुझं ठरलेलं उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात समोरच्या टेबलावर पाण्याच्या भांड्याखाली घडी केलेलं कापड दिसलं, कडा बाहेर आलेल्या. तिनं ते उचललं, घडी नीट घातली आणि सगळं सांगून टाकलं, ट्रॉली, तीन मजले, मेमो, सगळं. मोठ्या डॉक्टरांनी फाइल पुढून मागून चाळली आणि म्हणाले, यात असं काहीच नाही. तर ही म्हणाली, फाइलला दहा वर्षांपुरतंच आठवतं, मला पंधरा वर्षं आठवतंय, म्हणून सांगते आहे. हे काम बघायला कुणी नसतं तेव्हाचं आहे, आणि प्रमुख नेमताना तुम्हाला तेच कळायला हवं.

मग लहान डॉक्टरांनी विचारलं की लाल चिंधी कुणाची कल्पना, त्यांना तर शिकत असल्यापासून तीच माहीत. मॅट्रनबाईंना वाटत होतं की नियम वरून आला असेल. हिनं सांगितलं, खालूनच आलाय.

बाहेर येऊन म्हणाली की बहुतेक घालवली हो जागा, आणि मला जाम भूक लागली आहे. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांच्या संसारात मला इतकी ऐट कधी वाटली नव्हती. निकाल काय लागायचा तो लागो.

तुझा, लोभाला कुलूप न लावणारा,
बाबा

ता. ७ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

तू माझं ऐकलं नाहीस. किती बरं केलंस!

आज एका तरुण मुलीनं मला पाचव्या प्रश्नाचं ते ठरलेलं उत्तर दिलं, अगदी घोटून पाठ केलेलं. मी पेन खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, खरी चूक सांग, मला वेळ आहे. ती आधी गोंधळली, मग बोलली, आणि मी तिला निवडलं. संध्याकाळी शिकवणीच्या कागदावरून ते उत्तर कायमचं खोडलं. निकाल कळताच कळव. जागा नाही मिळाली तरी कळव, कारण माझा अभिमान आता त्यावर अवलंबून नाही. मी त्या बाईची मुलगी आहे एवढं मला पुरतं.

लोभ आहेच, तो मिरवणारी,
भिंगरी

ता. २१ एप्रिल

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

जागा मला मिळाली. खालच्या काकूंना माझ्या आधी कळलं, कसं ते विचारू नकोस. काल पहिला दिवस झाला. एक टेबल, एक खुर्ची आणि किल्ली हरवलेला एक खण मिळाला आहे. किल्ली तुझ्या बाबांनी दुपारच्या सुट्टीत येऊन बनवली आणि जाताना खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवले, मशीन दुरुस्त करणाऱ्याशी दोनदा.

मी एकच नवं काम केलं. ऑफिसातून मेमोचा कोरा कागद मागून आणला आणि पंधरा वर्षांपूर्वीचा तो मजकूर माझ्या अक्षरात पुन्हा लिहिला. शब्द पाठच होते. माझं नाव, तारीख, वेळ, कोणती ट्रॉली, कोणती पट्टी पाहिली नाही, सगळं. तो ट्रॉल्यांच्या वर, सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावला. कामावर आलेल्या नव्या मुलीनं तो वाचला, दारावरची माझी पाटी वाचली आणि विचारलं की या त्याच का. मी म्हटलं, हो, त्याच. मग ती ट्रॉलीपाशी गेली आणि प्रत्येक पट्टी पुन्हा तपासून आली.

त्या कागदावर खाली दोन सह्यांच्या जागा असतात, एक चूक करणाऱ्याची आणि एक विभागप्रमुखाची. दोन्ही ठिकाणी मीच सही केली.

खुर्ची बदलली तरी लोभ तोच असू दे.

तुझी,
आई