शेठचं संध्याकाळचं गवत

३ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अ. उ. आ.

नोकरीसाठी गेलीस आणि हा तुझा लाडका अंगोरा ससा शेठ माझ्या गळ्यात मारून गेलीस, त्याला आज तीन आठवडे झाले. तुझा कागद भिंतीला चिकटवून शब्दन् शब्द पाळतोय. दोन्ही वेळा सुकं गवत, मूठभर दाणेदार खाद्य, लाडासाठी गाजराची एकच चकती. रोज विंचरतो. माझा स्वेटर असा पांढरा होतो, की शेजारीण विचारते, यातला ससा कोणता?

पण एक कोडं सुटत नाही. सकाळचं गवत फस्त, संध्याकाळचं तसंच पडून. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, तेव्हा मोजल्याशिवाय कसा राहीन? शंभर ग्रॅम टाकलं, नव्वद उरलं. शेठचं वजनही पाव किलोने उतरलंय. लोकरीखाली बरगड्या हाताला लागतात. तुझा जीव त्याच्यात, म्हणून लपवत नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारे,
बाबा

८ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. हे ससे अंग चाटतात, लोकर पोटात जाते, आणि सशाला ओकता येत नाही. लेंड्या नीट बघा. केसात ओवल्यासारख्या निघतायत का? जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना त्याचे दातही दाखवा.

संध्याकाळी पिंजरा कुठे असतो? दिवा कधी मालवता? तुम्ही जेवायला कुठे बसता? इथे चष्म्याच्या काचा घासताना लक्ष लागत नाही. काल दोन फोडल्या. मुकादम म्हणाले, ससा बरा होईपर्यंत बाईंच्या हातात काच देऊ नका.

उलटटपाली कळवा, माया असू द्या.
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अ. उ. आ.

तू ससा पाळलास की पोलीस खात्यात लागलीस? घे सगळी उत्तरं. लेंड्या सुट्या, गोल, जरा बारीक. मोजल्यासुद्धा, पण शेजारणीला कळू देऊ नकोस. दात आणि पोट ठणठणीत. बाई म्हणाल्या, दुखणं नाही, काहीतरी सवय मोडली असेल. पिंजरा स्वयंपाकघरात, तुझ्या खुर्चीशेजारीच. दिवा आठला मालवतो.

गवत बदललं, भांडं बदललं, पिंजरा खिडकीशी नेऊन पाहिला. शेठ ढिम्म. सकाळी मात्र मी चहात पाव बुडवायला बसलो, की हाही तोंड चालवतो. वजन आणखी शंभर ग्रॅम गेलं. मला आता भीती वाटते.

असाच जीव लावत राहा.
बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

सगळी उत्तरं दिलीत म्हणता, पण एक गाळलंत. तुमचं पत्र तीनदा वाचलं. सकाळी तुम्ही खाता, तेव्हा शेठ खातो. संध्याकाळी आपण दोघं जेवायला बसायचो, तेव्हा तो माझ्या पायाशी गवत कुरतडायचा. त्याला एकट्याने खायची सवयच नाही. दिवा आठला मालवता, म्हणजे बरोबर आपल्या जेवणाच्या वेळेला.

बाबा, तुम्ही रात्री जेवत नाही ना? रागही आलाय आणि रडूही येतंय. पत्र मिळेल त्याच दिवशी त्याच्याशेजारी ताट घेऊन बसा.

नमस्कार करते, पण रुसून.
भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अ. उ. आ.

चोर पकडलास. रात्री एकट्यासाठी गॅस पेटवणं जिवावर यायचं. भूकही लागत नव्हती. खोटं लिहवेना, म्हणून तो प्रश्नच टाळला.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी अंडं-पाव घेऊन तुझ्या खुर्चीत बसलो. पहिला घास घेतला, पिंजऱ्यात सामसूम. दुसरा घेतला, तरी तेच. तिसऱ्याला शेठने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि गवत ओढलं. मी उठलो तर हाही थांबेल, या धास्तीने आणखी दोन पाव खाल्ले. आज चौथा दिवस. संध्याकाळच्या गवताची काडी उरत नाही, आणि वजन साठ ग्रॅमने वर आलंय.

तिथल्या काचांबद्दल तू लिहिलंस, मुकादमांबद्दल लिहिलंस. पण रात्री तू कुणाबरोबर जेवतेस?

उत्तर गाळू नकोस.
तुझे बाबा