न बोलावलेल्या परीची अक्षत

म्हैसूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. वाणीवन्सं यांना,
मृदुलाचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आत इराचा फोटो आहे, तेव्हा लिफाफा तरी उघडाल. तीन महिन्यांची झाली. रडताना थेट तुमच्यासारखा वरचा सा लावते.

बारशाबद्दल काय लिहू? मधूने बोलावणं केलं, पण घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कार्ड टाकून. त्या ग्रुपमधून तुम्ही दिवाळीतच बाहेर पडला होतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने परस्पर ठरवलं की ताईला जमत नसेल. शेवटी शेजारच्या सीतालक्ष्मीकाकूंनी आत्या होऊन इराच्या कानात नाव सांगितलं.

आता दुसरं. पाडव्याला इथल्या मराठी मंडळात संगीतिका करतोय. लिहिली मीच आहे. जुन्या परीकथा, पण ज्यांना आपण वाईट म्हणत आलो त्यांच्या बाजूने. लांडगा आहे, सावत्र आई आहे, आणि राजकन्येच्या बारशाला बोलावली नाही म्हणून तिला शंभर वर्षं झोपेचा शाप देणारी परी आहे. परीच्या गाण्याला चाल तुम्ही लावून द्याल का? शब्द सोबत आहेत.

लोभ होता त्यातला थोडा तरी शिल्लक असावा, ही विनंती.

तुमची,
मृदुला


मिरज,
२८ फेब्रुवारी

चि. सौ. मृदुला हिस,
वाणीचे अ. उ. आ.

ताईची एकदम वन्सं झाले, तेव्हाच ओळखलं की काम निघालंय. फोटो पोचला. नाक आमच्याकडचं आहे. ते तरी बोलावण्याची वाट न बघता आलं.

बारशाला न बोलावलेली बाई, आणि ती शाप देत फिरते. ही कोण, ते मला कळणार नाही असं वाटलं का तुला? मध्याला सांग, आत्याला कार्ड पाठवत नसतात. आत्या म्हणजे पाहुणी नव्हे. तिच्यासाठी पाळणा थांबवून ठेवायचा असतो.

तुझ्या गाण्यातली परी शाप देते की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार करते, काही समजेना. मला दुःख झाले, मला वाईट वाटले, असं कुणी रागावतं का? रागावलेलं माणूस आधी पंगतीबद्दल विचारतं. कोण कोण होतं, लाडू कुणी वळले, माझ्या जागेवर कुणाला बसवलं. मग शाप. म्हणून मी शब्द बदलले आहेत. विचारायची गरज वाटली नाही.

चाल मारव्यात बांधली आहे. सा टाळत टाळत गायचं, दाराबाहेर उभ्या ठेवलेल्या माणसासारखं. शेवटी ‘झोप’ या शब्दावर सावकाश उतरा. घाई केलीत तर शाप लागायचा नाही.

लोभ किती ठेवायचा, ते चालीचं काय करता त्यावर ठरवीन.

वाणी


म्हैसूर,
१० मार्च

ती. वाणीवन्सं यांना,
सा. न. वि. वि.

तुमची चाल तालमीत सगळ्यांनी पुन्हा पुन्हा गाऊन घेतली. मग मात्र घोटाळा झाला.

परी झाल्या आहेत सीतालक्ष्मीकाकू. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. गळा सुरेल, मराठी निम्मी कानडी. पाळण्यात आधी बाहुली ठेवली होती, पण तिचे डोळे मिटत नाहीत. शंभर वर्षं झोपणारी राजकन्या टक्क बघत राहिली की मुलं खिदळायची. म्हणून इराला ठेवलं. त्या दिवसापासून काकूंना शाप देववत नाही. ‘झोप’पर्यंत झकास येतात आणि तिथे थांबून म्हणतात, की नीट झोप गं कंदा, माझ्या बाळा, उद्या लवकर ऊठ. त्यांचं म्हणणं, सुम्ने, उगाच पोरीला शाप कशाला, अय्यो, त्यापेक्षा परीला पानावर बसवून वाढा, मत्ते, मग विषय संपवा. एवढ्यावर भागत नाही. तालीम झाली की मीठ-मिरच्या जाळून इराची दृष्ट काढतात. धुराने अख्खा कोरस खोकतो. लांडगा झालेले मानाजीराव तर बाहेर जाऊन बसतात, आणि तबलजी हुणसूरच्या बसचं निमित्त सांगून पळतो.

शाप लागला नाही तर दुसरा अंकच नाही. राजपुत्र झालेला अर्णव मंडी मोहल्ल्यातून भाड्याची तलवार घेऊन आलाय.

खरं सांगू? ती परी दारात उभी राहते तेव्हा मला तुम्हीच दिसता. इराला दुसरी आत्या नाही. चाल हवी होतीच, पण त्याहून तुम्ही हव्या होतात.

राजाचं काम मधूकडे आहे. पाळणा थांबवण्याचं तुमचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. काल रजा टाकली, आणि घरात कुंकू कुठे असतं ते मला विचारत होता.

लोभाचं तुम्ही ठरवाल तसं.

मृदुला


मिरज,
१९ मार्च

चि. सौ. मृदुला हिस अ. उ. आ.

मध्या येऊन गेला. दारात उभा राहून पाया पडला. अक्षतांची डबी बॅगेत उपडी झाली होती, तेव्हा लॅपटॉपच्या बटणांमधून दाणे वेचून त्याने माझ्या हातावर ठेवले. बोलावणं मात्र ऑफिसच्या मीटिंगसारखं केलं. वार, वेळ, ठिकाण, आणि कृपया कळवावे. मग मान खाली घालून म्हणाला की चुकलं. शाळेत असताना माझी तंबोऱ्याची तार तोडली होती, तेव्हाही असाच उभा होता.

जेवायला घातलं आणि परत पाठवलं. येते म्हटलेलं नाही. पाडव्याला माझ्या क्लासच्या मुलींचं गाणं असतं. माझ्यासाठी खुर्ची राखू नकोस.

सीतालक्ष्मीबाईंना छळू नकोस. ज्या तोंडाने नाव सांगितलं त्याच तोंडाने शाप कसा देतील?

लोभ अक्षतांएवढा समजावा. वेचावा लागेल.

वाणी


म्हैसूर,
२ एप्रिल

ती. ताई,
सा. न. वि. वि.

पहाटेच्या गाडीने चहाही न घेता गेलात. त्यामुळे विंगेतून काय दिसलं ते तुम्हाला कळलंच नाही.

तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू ‘झोप’पर्यंत आल्या, इरा त्यांच्याकडे बघून हसली आणि काकू थांबल्या त्या थांबल्याच. पेटीवाला तीच ओळ घोळत बसला. मी पडदा पाडायला सांगणार, तेवढ्यात प्रेक्षकांतून पुढची ओळ आली. खांद्याला पर्स अडकवून तुम्ही गात गात पायऱ्या चढलात. काकूंनी इतक्या आनंदाने जागा दिली, की बसमध्ये कुणी म्हाताऱ्या माणसाला देत नसेल. मधूच्या डोक्यावरचा मुकुट घसरून कानावर आला. आम्हाला वाटलं, आता शाप.

आणि तुम्ही पाळण्यात वाकून इराच्या कानात कुर्रर्र केलंत.

काकूंना रीत आठवली. त्यांनी पुढे होऊन तुमच्या पाठीत धपाटा घातला. मग सावत्र आईने घातला, कोरसने घातले, लांडग्यानेही घातला. शाप कुठला नि काय! अर्णव तलवार घेऊन मला विचारत होता की आता उठवायचं कुणाला. त्याला लाडवांचं ताट देऊन प्रेक्षकांत धाडला. मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव म्हणाले की जुनी गोष्ट बदलावी तर अशी, हा शेवट तुम्हाला सुचला कसा? मी त्यांच्या हातावर लाडू ठेवला.

पण एक सांगा. कुर्रर्रच्या पुढे कानात काय सांगितलंत? मधूला झोप नाही. काकूंना वाटतंय की इतके महिने त्या चुकीच्याच नावाने हाक मारत होत्या.

लोभाचे दाणे मिळाले. जपून ठेवले आहेत.

तुमची,
मृदुला


मिरज,
९ एप्रिल

चि. सौ. मृदुला हिस,
ताईचे अ. उ. आ.

पाठ अजून ठणकतेय. मानाजीरावांचा हात जड आहे.

शाप द्यायचाच म्हणून चढले होते. इतकी चांगली चाल अर्धी सोडवेना. पण वाकले तर पोरीने माझी बांगडी धरली आणि सोडेचना. आता अशा माणसाला शंभर वर्षं झोपवून मी काय करू?

कानात इराच सांगितलं. दुसरं काय सांगणार? नाव गोड आहे. मला विचारलं असतंत तर मीही हेच म्हटलं असतं. सीतालक्ष्मीबाईंना म्हणावं, तुम्ही सांगितलेलं बरोबरच होतं, मी फक्त आत्याच्या तोंडून पक्कं केलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर फोन कर. उचलीन. इराला जवळ धर, मध्याला लांब बसव.

लोभ आहे. तो मोजत बसायचं सोडलंय.

तुझी,
वाणीताई

ता. क. मध्याला सांग, मला ग्रुपमध्ये परत घे. पण सकाळी सकाळी फुलांचे फोटो आले तर याद राखा. शाप मला पूर्ण पाठ आहे.